घासलेली डबी

छूमंतरला खरं नावही होतं, पण ते कागदोपत्रीच उरलं होतं. तीस वर्षं एकाच हॉटेलात टेबलाटेबलाशी जाऊन, जेवण येईपर्यंत लोकांना नाण्याची जादू दाखवणारा माणूस. त्याला दुसरं काय म्हणणार? आणि हात काय चालायचे बाबाचे! पण गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर उजव्या हाताची बोटं थरथरायला लागली. महिन्याभरात तीनदा नाणं टेबलाखाली घरंगळलं. तिसऱ्यांदा मॅनेजरने बाजूला घेतलं. "रविवारी चार वाजता मालकीणबाई स्वतः बसणार आहेत. त्यांच्यासमोर फसलं, तर थांबायचं."

थांबायचं म्हणजे काय करायचं? दुसरं काही येतच नव्हतं त्याला.

हाताला जमत नाही ते डबीने करावं, एवढी एकच वाट राहिली होती. तो जादूच्या डब्या घडवणाऱ्या तांबटाकडे गेला. तांबटाने तीन पितळी डब्या पुढे ठेवल्या. तिन्ही नव्याच, पण आजोबांच्या कपाटात सापडल्यासारख्या. पहिलीचं झाकण 'टिक' वाजलं. चोरीला निघताना पायात घुंगरू कोण बांधतं? ती बाजूला. दुसरीवर इतकी नक्षी, की बघणाऱ्याला आधीच संशय यावा. तिसरी मात्र साधी, काळपट, कडा झिजलेल्या. आत खोटा तळ होता. नाणं टाकून डबी उलटी केली की नाणं गडप. छूमंतरने थरथरत्या हाताने वीसदा करून पाहिलं. वीसही वेळा जमलं, तसे त्याचे डोळे भरून आले.

"एक ध्यानात ठेव," तांबट म्हणाला. "हा काळेपणा पंधरा दिवस खपून चढवलाय. तळाची फट त्यातच लपलीय."

घरी थोरली बहीण होती. आईमागे तिनेच याला वाढवलं. "मला तरी सांग की रे, नाणं जातं कुठे?" असं तिने तीस वर्षं विचारलं, आणि याचं उत्तर ठरलेलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई!" गुपित घरातही फोडायचं नाही, म्हणजे नाही. म्हणून डबी फळीवर ठेवतानाही तो एवढंच म्हणाला, "रविवारी मालकीणबाईंना दाखवायचीय. हिला हात लावू नकोस." का, ते सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही!

रविवारी दुपारी तो आंघोळ करून बाहेर आला, तर ताईच्या हातात डबी लखलखत होती.

"एवढ्या मोठ्या बाईसमोर असली कळकट डबी नेणार होतास? मी आहे म्हणून बरं!"

छूमंतरच्या तोंडचं पाणी पळालं. तळाजवळ, गोल फिरलेली, केसाएवढी काळी रेघ स्पष्ट दिसत होती. "ताई, अगं..." म्हणाला आणि त्याची नजर तिच्या हातांवर गेली. घासून घासून तिच्या बोटांची सालं निघाली होती. कुठल्या तोंडाने बोलणार?

तो धावत तांबटाकडे गेला. तांबटाने कपाळावर हात मारला. "दोन तासांत? जादूगार मी आहे की तू?" तरी त्याने काजळी चोळून पाहिली. ती लगेच बोटाला लागून आली.

चार वाजता छूमंतर मालकीणबाईंच्या टेबलाशी उभा राहिला. नाणं टाकलं, डबी उलटी केली. नाणं गडप! बाईंनी टाळी वाजवली. क्षणभर त्याला वाटलं, सुटलो.

"अय्या, किती चकचकीत डबी! बघू?" बाईंनी कौतुकाने डबी उचलली. फिरवता फिरवता त्यांचं नख त्या रेघेत अडकलं. तळ निघाला आणि नाणं टेबलावर पडलं. पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅनेजर खिडकीबाहेर बघत राहिला.

परतताना छूमंतर रस्त्यावर उघड उघड रडला. एकदा मनात आलं, जाऊन ताईला सगळं सांगावं, चांगलं ओरडून सांगावं.

ताई दारातच उभी होती. "काय रे, आवडली का डबी?"

"हो," तो म्हणाला. "सगळ्यांची नजर डबीवरच होती. बाईंनी तर हातात घेऊन पाहिली."

"बघ! आणि म्हणे हात लावू नकोस. आता दर रविवारी घासून देत जाईन."

त्याने डबी तिच्या सोललेल्या हातात ठेवली आणि चपला काढल्या.

"राहू दे तुझ्याकडेच," तो म्हणाला.