लांबट टमाटराचं मूळ

आमच्याकडे ज्याच्या परसात चार टमाटर लागले, तो स्वतःला त्या वाणाचा बापच समजतो. आईचा टमाटर शोधायला निघाले तेव्हा मला हे पुरतं कळलं. लांबट, गच्च गराचा, बिया नावापुरत्या; चटणी आटवावी तर त्याचीच. आई गेली आणि तिचं बी माझ्याकडे उरलं नव्हतं. मला तेच हवं होतं, तसं दिसणारं दुसरं नको होतं.

मारेगावच्या एका निवृत्त गुरुजींकडे हुबेहूब तोच टमाटर होता. त्यांनी फोनवर चित्र दाखवून सांगितलं, "हा इटलीचा वाण आहे." इटलीहून मारेगावला कसा आला म्हटलं, तर म्हणाले, "आणला असंन कोणीतरी!" हे गृहस्थ जन्मभर भूगोल शिकवत होते.

राजूरची मावशी, आईची सख्खी बहीण, तिच्या वाफ्यातही तोच. "हे माह्या सासूचं बी. तुह्या मायले मीच देल्लं होतं," ती ठसक्यात म्हणाली. तिच्या सासूनं उभ्या जन्मात कोणाला चिमूटभर मीठ दिलं नव्हतं, आणि म्हणे बी वाटलं! चहा कडू लागला तरी पिऊन निघाले.

शेवटी केळापूरला चुलतवहिनीकडे गेले. तिनं बढाई मारली नाही. चुलीवरच्या फळीवरून एक गोवरी काढून माझ्या हातात दिली. आई टमाटराच्या बिया ओल्या गोवरीत दाबून ठेवायची आणि मधोमध अंगठा उमटवायची, म्हणजे ती कोणी चुलीत घालू नये. वहिनीच्या गोवरीवरही तसाच अंगठा होता.

"मी नवी नवरी होती तवा काकूसंगं मीच थापू लागली," वहिनी म्हणाली. "चार केल्या होत्या. एक मले, एक मावशीले, एक गुरुजींच्या बायकोले."

म्हणजे सगळ्यांचं मूळ माझ्या आईच्या परसात! मला असा जोर चढला की काय सांगू. इटली काय, सासू काय, एकेकाची मी मनसोक्त सालं काढली. खोटारडे मेले, दुसऱ्याच्या मेहनतीवर नाव लावतात, असंही म्हटलं.

वहिनीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् चौथी तुही होती ना? तिचं काय केलं तू?"

चौथी गोवरी आई स्वतः एसटीनं यवतमाळला माझ्याकडे घेऊन आली होती, पिशवीत लुगड्याच्या घडीत ठेवून. त्या सकाळी माझ्या घरी पाहुणे होते, गॅस संपला होता, आणि अंगणातल्या चुलीत मी हाताला लागली ती गोवरी घातली. अंगठा मला दिसला होता. दुसरी शोधायचा कंटाळा केला, एवढंच. आई दारात उभी राहून बघत होती.

"पाणी लवकर तापलं बाई," ती म्हणाली, आणि पाहुण्यांसाठी कप विसळू लागली.