आलेखरावांची बुटकी खुर्ची

कारखान्यात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात होतं. बाकी सगळे त्यांना आलेखराव म्हणत. बेअरिंगची मापं घ्यायची, आलेखावर ठिपके मांडायचे, यात त्यांची हयात गेली. ठिपके वरच्या आणि खालच्या मर्यादेच्या आत, मधल्या रेषेच्या खालीवर नाचत राहिले की ते निवांत. सलग सात ठिपके एकाच बाजूला गेले की मात्र काहीतरी बदललंय हे नक्की. मग ते मशीन थांबवायला लावत. साहेब आदळआपट करत, हे ढिम्म.

निवृत्तीनंतर डॉक्टर एकदा सहज बोलून गेले, की हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला किती वेळ लागतो, यावरून म्हातारा माणूस किती थकलाय त्याचा अंदाज येतो. झालं, यांना तेवढंच हवं होतं! रोज सकाळी लाकडी खुर्चीत उठाबशा आणि फ्रिजच्या दारावर आलेख. बायकोनं कपाळावर हात मारला, पण घड्याळ धरायचं काम तिच्याचकडे आलं.

मुलगी तान्ह्या नातीला घेऊन राहायला आली, आणि नेमके तेव्हाच ठिपके मधल्या रेषेच्या वर सरकू लागले. रोज जास्त वेळ. सातवा ठिपकाही वरच पडला. ज्याला स्वतःला धड उठता येत नाही, त्यानं त्या इवल्या जिवाला उचलायचं कसं? हातातून निसटली तर?

मुलीनं बाळ पुढे केलं की ते म्हणायचे, "नको, सर्दी झालीय." कधी हात ओले, कधी पाठ धरलेली. मुलगी हिरमुसली. बाबांना नात नकोच होती की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

बायकोनं शेवटी त्यांना फ्रिजसमोर गाठलं. "अहो, काय चाललंय तुमचं?"

"मी थकलोय गं. हे बघ ना, आलेखच सांगतोय."

"डोंबल! थोरल्या जाऊबाई काठी टेकत सगळा बाजार करतात, त्यांना म्हणतं का कुणी थकलेलं? कुणी हाक मारली तरी उठावंसं वाटत नाही, तो थकला. तुम्ही रोज सकाळी माझी झोपमोड करून उठता!"

बोलणं त्यांना पटलं, पण ठिपके काही खाली येईनात.

दुसऱ्या दिवशी मुलगी बाळाला पाजायला त्याच खुर्चीत बसली. "आई, ही खुर्ची एवढी बुटकी कशी झाली? माझे गुडघे वर येतायत."

"अगं, डुगडुगते म्हणून हेच कुरकुरत होते. तू यायच्या आधी सुताराला बोलावलं, त्यानं चारही पाय कापून सारखे केले."

आलेखराव जागच्या जागी थिजले. 'ठिपका सरकला की मशीनला शिव्या घालण्याआधी ज्यानं माप घेता ते गेज तपासा,' हे त्यांनी नव्या पोरांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा गेजकडे ढुंकूनही न बघता थेट मशीन मोडीत काढलं होतं.

मुलीला उठवून त्यांनी खुर्चीच्या चारही पायांखाली लाकडाचे ठोकळे सरकवले. ती हलत नाही हे दोनदा पाहिलं. बसले, उठले, बसले, उठले. बायकोनं घड्याळातला वेळ सांगितला. ठिपका मधल्या रेषेवर येऊन टेकला, आणि इतक्या दिवसांचा छातीवरचा धोंडा उतरला. डोळे पुसत त्यांनी मुलीपुढे हात पसरले.

"दे इकडे."

"सर्दी गेली वाटतं?" मुलगी हसली आणि तिनं बाळ त्यांच्या हातात दिलं.

नातीला छातीशी धरून ते पुन्हा खुर्चीत बसले आणि अगदी सावकाश, पाच वेळा उठले. वेळ इतका लागला की ठिपका वरच्या मर्यादेच्याही बाहेर गेला. मर्यादेबाहेरच्या ठिपक्याशेजारी कारण लिहायचं, हा कारखान्याचा नियम होता. आलेखरावांनी एका हातानं पेन्सिल उचलली आणि लिहिलं: नात कुशीत होती.