ओठाजवळचं पांढरं

प्रदर्शनासाठी प्रत्येकानं लिनोवर स्वतःचा चेहरा कोरून छापायचा, असं कॉलेजात सरांनी सांगितलं. बाकीच्यांना नाक जमेल की नाही याची चिंता. माझ्या ओठाच्या कडेला संक्रांतीच्या सुमारास कोडाचा डाग उठला होता, वाटाण्याएवढा. पसरेल की थांबेल, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या वस्तीत, नवागामात कुणाला कळता कामा नये, असं आई म्हणाली. मग रोज पावडर, आणि उन्हाचं निमित्त करून तोंडावर ओढणी.

लिनो म्हणजे रबरासारखा चिवट तुकडा. जे ठेवाल ते काळं उमटतं, जे कोराल ते पांढरं राहतं, आणि एकदा कोरलेलं पुन्हा भरता येत नाही. डोळे, भुवया, नाक, सगळं झालं, पण ओठाजवळ हत्याराचं टोक टेकवलं की मी ते परत उचलून घ्यायचे. इथं कोरलं तर तिकडं कातडीवर वाढेल, अशी वेडगळ भीती मनात बसली होती. चांगली शिकलेली मुलगी मी, आणि आरशासमोर जाताना जीव मुठीत धरायचे.

एका दुपारी वडील लूमवर, कापडाच्या मागावर कामाला गेले होते. आई दारात बसून साडीला स्टोन चिकटवत होती. मी दात-ओठ खाऊन तो डाग एकदाचा कोरला. शाई फिरवली, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीनं घासून उचलला. काळ्या चेहऱ्यावर डाग असा काही उठून दिसला की मला रडूच कोसळलं. तरी हट्टानं कागद आईसमोर नेऊन धरला. म्हटलं, "हे मी लोकांना दाखवणार आहे."

ती ओरडेल, फाडून टाकेल, अशी माझी तयारी होती. तिनं पदराला हात पुसले आणि कागद जवळ घेऊन बराच वेळ पाहिला.

"आनि कानमांगे शे तो?" ती म्हणाली. "तो नई काढा?"

माझं बोट कानामागे गेलं. तिथला डाग मी कधी पाहिलाच नव्हता. माझ्या केसांना तेल तीच लावते. दिवाळीपासून आहे, असं खाली बघत म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. म्हणजे मी ज्याला पहिला समजत होते, तो दुसरा होता. आणखी कुठे आहे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.