अलगद उघडणारं लग्नस्थळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर तुम्हाला माझी दया येईल. आणि चहाचा कप जरा खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला, तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता.

मी वेबसाइट बनवतो. म्हणजे बटण दाबल्यावर काय कसं हलावं, यावर दिवसभर दुसऱ्यांची अक्कल काढतो आणि त्याचा पगार घेतो. अशा माणसाचं लग्न ठरलं. मग लग्नाची वेबसाइट साधी कशी असेल?

‘हळद’, ‘लग्नस्थळ’, ‘जेवण’ अशा पट्ट्या केल्या. पट्टीवर बोट ठेवलं की खालचा मजकूर अलगद उलगडायचा, पैठणीची घडी उलगडावी तसा. काय सांगू, मी स्वतःच दिवसभर उघड-मीट करत बसायचो!

आता यात एक गोम आहे. ब्राउझरला आकडा दिलात, इथून इथपर्यंत उघड म्हणालात, की तो शहाण्यासारखा हळूहळू उघडतो. पण ‘मजकूर असेल तेवढं उघड’ म्हणालात की धाडकन उघडतो. मग मी काय केलं? माझ्या फोनवर मजकुराची उंची मोजली आणि तो आकडा ठोकून दिला. त्याच्या खाली जे जाईल ते दिसणार नाही. पण जाईल कशाला? मी मोजलंय ना!

होणारी बायको तन्वी याच धंद्यातली. तिनं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“निखिल, उंची अशी ठोकतात का रे? एक ओळ लिही, नवे ब्राउझर स्वतःच मोजतात आता.”

“आणि जुने फोन?”

“जुन्यावर झटक्यात उघडेल. पण उघडेल ना!”

“झटक्यात? माझ्या लग्नात?”

ती मान हलवत आपल्या कामाला लागली. मला वाटलं, पटलं तिला.

मग घोळ सुरू झाला. छापील पत्रिका वाटून झाल्या आणि मुलुंडच्या हॉलच्या छताचं प्लास्टर पडलं. धावपळ करून घाटकोपरला दुसरा हॉल मिळवला. सासूबाई म्हणाल्या, “सगळ्यांना फोन करूया.”

मी म्हणालो, “आई, आजकाल फोन कोण करतं? वेबसाइटवर टाकतो. सगळ्यांना लिंक गेलीय.”

टाकलं. ‘लग्नस्थळ’मध्ये सगळ्यात वर मी रचलेली स्वागताची कविता होती, मग मुहूर्त, मग चपला सांभाळण्याची सूचना. आणि शेवटी नवी ओळ: मुलुंडचा हॉल रद्द, लग्न घाटकोपरला. उंची परत मोजली, नवा आकडा ठोकला. माझ्या फोनवर झकास!

तन्वीचे मामा वाकोल्याचे. तेव्हा ते गावी होते, लग्नाच्या आदल्या दिवशी परतले. सासूबाईंनी विचारलं, “दादा, वेबसाइट बघितलीस ना?”

“बघितली गो! काय मस्त उघडता!”

झालं. दोघंही निर्धास्त.

लग्नाच्या सकाळी मी मुंडावळ्या बांधून मंचावर उभा. समोर पाहतो तर माझे मित्र, तन्वीच्या मैत्रिणी, दोन्हीकडची पोरंटोरं. घरची मंडळी सोडली तर वडीलधारं कोणी नाही! आशीर्वाद काय इंजिनिअरिंगच्या बॅचकडून घ्यायचे?

गुरुजींनी घड्याळ बघितलं. “मुलीच्या मामांना बोलवा. मुलीला मांडवात आणू देत.”

मामाच नाहीत. सासूबाईंनी फोन लावला, स्पीकरवर.

“दादा, कुठे आहेस?”

“कधीचो इलंय! हयसर कोण नाय! रंगवालो म्हणता, हॉल बंद आसा. आमी सगळी म्हातारी माणसां फाटकात उभी आसव!”

म्हणजे मामा वाकोल्याहून निघून घाटकोपर ओलांडून मुलुंडला गेले होते. लग्नाच्या दारावरून!

तन्वी गौरीहराची पूजा अर्धवट सोडून बाहेर आली. नवरी बाहेर आली, म्हणजे विचार करा.

“मामा, वेबसाइट उघड. लग्नस्थळात खाली काय दिसतंय?”

“चपला सांभाळा.”

“त्याच्या खाली?”

“खाली काय नाय. सोपला.”

तन्वीनं माझ्याकडे बघितलं. “मामाच्या फोनवर अक्षरं केवढी आहेत, माहितीये? एका ओळीत तीन शब्द बसतात. सगळ्या म्हाताऱ्यांचे फोन तसेच असतात रे!”

वाट लागली होती. म्हाताऱ्यांच्या फोनवर माझी कविताच निम्मी जागा खाऊन बसली होती. नवा पत्ता कापला गेला. अगदी अलगद.

मी मंचावरच मोबाइल काढला, मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि ती उंची खोडली. पट्टी धाडकन उघडली. पत्ता दिसला. आता दिसून काय उपयोग? सासूबाईंनी फोनवर तोंडीच पत्ता सांगून मामांना निघायला लावलं होतं.

“मुहूर्त वेबसाइटसाठी थांबत नसतो,” गुरुजी म्हणाले. मला खरंच रडू येत होतं. मामांशिवाय तन्वी मांडवात यायला तयार नव्हती, आणि चूक पूर्ण माझी होती.

अगदी शेवटच्या क्षणी दारात गलका झाला. फेटा काखेत, धापा टाकत मामा आले, मागे म्हाताऱ्यांची फौज. मामांनी फेटा डोक्यावर दाबला, तन्वीचा हात धरला आणि तिला मांडवात आणलं. अक्षता पडल्या. सुटलो!

असं मला वाटलं. जेवणाच्या पंगतीत उखाण्याचा आग्रह झाला. तन्वीनं जराही न लाजता घेतला,

“वरचं दिसतं झकास, खालचं गेलं कापून,
निखिलरावांचं नाव घेते, मामांची माफी मागून!”

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. मग माझी पाळी. उखाणा पाठ केला होता, चांगला चार ओळींचा. उभा राहिलो, ऐटीत पहिली ओळ म्हणालो आणि पुढचं सगळं साफ विसरलो.

सगळे थांबले. मी घाम पुसतोय. मामांनी जिलबीचा तुकडा तोंडात टाकला आणि शांतपणे विचारलं,

“जावयबापू, बाकीचो उखाणो मुलुंडच्या हॉलात रवलो काय?”