तिसरी ओंजळ

सिंगापूरच्या जुरोंग ईस्टमध्ये अस्सल इंग्रज एकच राहतो, आणि तो रत्नागिरीचा आहे. आमच्या शेजारच्या काकांचं हे स्वतःबद्दलचं ठाम मत. रंगाने ते माझ्याहून चांगलेच सावळे आहेत, पण उपमा काट्यासुरीने खातात आणि लिफ्टमध्ये घाम पुसत म्हणतात, "आमच्या रक्ताला हे ऊन सोसत नाही." तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस असं म्हणाला की मी माझ्या बुटांकडे बघते. तशी मी एरवीही बुटांकडेच बघते.

काकांचे पणजोबा म्हणे विलायतेहून आलेले फिटर. रत्नागिरीत एक मुलगा मागे ठेवून ते सिंगापूरला गेले, ते गेलेच. मुलाला आईच्या माहेरचं आडनाव लागलं आणि बापाचं नाव घरात कुणी पुन्हा काढलं नाही. त्यामुळे सर्वपित्रीला काका तर्पणाला बसले की पहिल्या ओंजळीला वडिलांचं नाव, दुसरीला आजोबांचं, आणि तिसरीला नुसता खोकला. येत्या सर्वपित्रीच्या आत ते नाव शोधायचंच, असं ठरवून त्यांनी मला धरलं, कारण मी इंग्लिश मीडियमची. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, म्हणून मी गेले.

हॉकर सेंटरमध्ये चित्राकडे बोट दाखवून जेवण मागणारी मी, दर शनिवारी लायब्ररीत जुन्या नोंदी मागायला उभी. मागून काका कुजबुजायचे, "बोल ना गं, कॉन्व्हेंट." मी प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायचे. मला बोलता येत नाही अशा समजुतीने तिथली बाई उत्तरही लिहूनच द्यायची. तिचा गैरसमज दूर करायचा तर बोलावं लागलं असतं, म्हणून दोन महिने आमचा पत्रव्यवहार चालला. काका तोवर जुन्या फोटोंतल्या प्रत्येक दाढीवाल्या साहेबाशी आपलं नाक जुळवून बघत.

शेवटी बंदराच्या नोंदी सापडल्या. पणजोबा निघाले त्या वर्षी मुंबईहून एक नाही, तीन इंग्लिश फिटर उतरले होते. तिघेही इथेच वारले. त्यांतला रत्नागिरीचा कोणता, हे कळायला काही मार्ग नव्हता. परतताना एमआरटीच्या गाडीत मी हे हळूच सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकांनी उपमा हाताने खाल्ला.

सर्वपित्रीला सकाळीच त्यांनी मला बोलावून घेतलं. पाटावर बसले होते, समोर तांब्या, तीळ, आणि तीन नावांचा कागद.

"तिघांनाही देतो," काका म्हणाले. "एक आपला असेल. बाकीच्या दोघांना तरी इथे कोण विचारतंय?"

"आणि गोत्र?" मी विचारलं.

"ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचं."

वडील झाले, आजोबा झाले. तिसऱ्या ओंजळीला काकांना पुन्हा तो खोकला आला. ओंजळ तशीच धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू वाच."

इथे चिठ्ठी सरकवायची सोय नव्हती. मी वाचलं. काश्यप गोत्रातले थॉमस, हेन्री आणि विल्यम. इतक्या मोठ्याने, की समोरच्या फ्लॅटमधली चिनी आंटी दार उघडून बघायला आली. तिन्ही वेळा काकांच्या बोटांमधून पाणी नीट खाली गेलं.

त्यांतला काकांचा कोणता, ते अजून माहीत नाही. मला मात्र तिघेही पाठ आहेत.