बोंडअळीच्या डीव्हीडीचं कुलूप

नोटीस शबानाबाईंच्या नावाने निघाली, पण कृत्य माझं होतं.

"सर, माह्या केंद्रात म्हने कुलूप तोडाचं हत्यार सापडलं," त्या अंजनगाव सुर्जीहून फोनवर म्हणाल्या. "मी तं नुसती डीव्हीडी लावते. हत्यार कोनतं?"

मी अमरावतीच्या एका संस्थेची कॉम्प्युटर्स सांभाळायचो. संस्थेची गावोगाव शेतकरी माहिती केंद्रं होती; अंजनगावचं शबानाबाई चालवायच्या. सगळीकडे विंडोजऐवजी लिनक्स, कारण ते फुकट. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर रिपॉझिटरीतून येतं, म्हणजे एका सामाईक कोठारातून. आमचं कोठार ऑफिसातल्या सर्व्हरवर होतं. मी त्यात ठेवलं की ते सगळ्या केंद्रांत आपोआप पोचायचं.

बोंडअळीने कपाशी पोखरली त्या वर्षी संस्थेने अळीवर फिल्म करून तिची डीव्हीडी वाटली. ती एकाही केंद्रात चालेना. डीव्हीडीला कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप होतं. ते उघडणारं पॅकेज, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिनक्सवाले आपल्या कोठारात ठेवत नाहीत, कारण काही देशांत ते वाटणं गुन्हा आहे. मी ते एका परदेशी सर्व्हरवरून उतरवलं आणि आमच्या कोठारात टाकलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या केंद्रांत अळी दिसू लागली.

मग संस्थेची तपासणी समिती अंजनगावला गेली. तिला ते पॅकेज दिसलं आणि नोटीस निघाली: पंधरा दिवसांत खुलासा, नाहीतर केंद्र काढून घेऊ. शबानाबाईंचं घर त्या केंद्रावर चालायचं.

मी संचालकांकडे जाऊन कबुली दिली.

"त्या पॅकेजला लायसन्स आहे?"

"आहे. कोणीही वाटावं असं मुक्त लायसन्स आहे."

"मग कायदेशीर आहे."

"सांगता येत नाही. लायसन्स प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं आहे. कुलूप लावणाऱ्यांनी परवानगी दिलेली नाही."

"म्हणजे बेकायदेशीर?"

"तेही सांगता येत नाही."

संचालकांनी चहा मागवला. निर्णय लांबवण्याची ती त्यांची रीत होती. मी लिनक्सवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर विचारलं. तीन देशांतून तीन उत्तरं आली आणि तिन्हींच्या शेवटी 'वकिलाला विचारा' होतं.

शबानाबाईंना घेऊन मी अकोल्याला, जठारपेठेत देशमुख वकिलांकडे गेलो. त्यांनी कायद्याचं पुस्तक काढलं आणि बराच वेळ वाचलं.

"हक्क मारायच्या इराद्यानं कुलूप तोडलं तं गुन्हा. नुसतं पाह्यासाठी तोडलं तं काय, हे मले सापडून नाई राहिलं."

मला माहीत नाही असं सांगणारा वकील मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"पन हक्क कोनाचा? फिल्म कोनाची हाय?"

हा प्रश्न मला तोवर सुचलाच नव्हता. शबानाबाईंनी पिशवीतून डीव्हीडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. मागे आमच्याच संस्थेचं नाव होतं.

"म्हंजे फिल्म तुमची, कुलूप तुमचं, अन् नोटीसबी तुमचीच? तुमी सोतावरच केस करून राहिले का?"

"मंग माह्यं केंद्र कावून काढून राहिले?" शबानाबाईंनी विचारलं. ते मात्र पुस्तकात नव्हतं.

नंतर कळलं की डीव्हीडी छापण्याच्या टेंडरमध्ये 'उच्च दर्जाची सुरक्षा' हे शब्द संचालकांनी स्वतः घातले होते. छापणाऱ्याने ते मनावर घेऊन कुलूप घातलं.

"थांबा," आम्ही उठू लागलो तसे वकील म्हणाले. "हे पॅकेज तुमच्याच डीव्हीडीचं कुलूप उघडते, का सगळ्यायचंच?"

"सगळ्यांचं."

"मंग ते कोठारातून काढा, तिथून कोनं घेतलं त्याची नोंद नाई राहत. दुसऱ्याले कुलूप उघडून देनाऱ्यानं त्याचं नाव, पत्ता अन् उद्देश लिहून ठेवावा, असं कायद्यात हाय. एक रजिस्टर घाला."

नोटीस मागे घेतली गेली. संस्थेने संस्थेला परवानगीचं पत्र दिलं. ते एकाच कारकुनाने जावकमध्ये चढवलं आणि आवकमध्येही. मी पॅकेज कोठारातून काढलं आणि पेन ड्राइव्ह घेऊन एसटीने केंद्र-केंद्र फिरलो. जे क्षणात पोचायचं त्याला तीन आठवडे लागले. शबानाबाईंनी उद्देशाच्या रकान्यात 'अळी पाहणे' असं लिहून सही केली.

पुढल्या तपासणीत समितीने कॉम्प्युटर सुरूही केला नाही. रजिस्टर चाळलं आणि 'समाधानकारक' असा शेरा मारला.

ते पॅकेज वाटणं कायदेशीर होतं का, हे मला आजही ठाऊक नाही. पण जिचं रजिस्टर आहे अशी गोष्ट बेकायदेशीर असू शकते, असं मानणारा अधिकारी मला अजून भेटलेला नाही.