न झिजलेले ब्रेक

संशय घ्यायला मला कारण लागत नाही, असं आमचे हे म्हणतात. पण या वेळी कारण होतं. रविवारी डोंगरातून परत आलेला माणूस कानापर्यंत चिखलानं माखलेला आणि त्याची सायकल मात्र लख्ख!

"वाटेत पाणी लागतं. धुऊन आणतो," हे म्हणाले.

स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाही या माणसानं.

हे चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करतात. आठवडाभर मान खाली, बोलणं जेवढ्यास तेवढं. पण सायकलचा विषय निघाला की यांना आवरणं मुश्कील. नव्या सायकली म्हणजे नुसता नखरा. पोलादी चौकट वाकली तर कुठलाही लोहार सरळ करून देईल, नव्या हलक्या चौकटीला तडा गेला की टाका भंगारात! मित्रांनी यांचं नाव 'पोलादराव' ठेवलंय. मला ते ऐकून बरं वाटायचं, कारण यांची सायकल माझ्या बाबांनी केलेली. बाबा सायकल मिस्त्री. आजारपणातही त्यांनी नळ्या कापून, पितळेनं सांधून ती जावयासाठी उभी केली. ती त्यांची शेवटची. तिच्यावरून हे सडकेनं लांबलांब फिरून आले आणि मी येईल-जाईल त्याला तिचं कौतुक ऐकवत राहिले. डोंगराचं वेड मात्र गेल्या तीन महिन्यांतलं.

मिस्त्रीची मुलगी मी. हे आंघोळीला गेले तशी खाली वाकून पाहिलं. तीन महिन्यांपूर्वी घातलेली ब्रेकची रबरं कोरी करकरीत. एवढे उतार उतरली असती, तर निम्मी झिजली असती. म्हणजे सायकल डोंगरात जातच नव्हती. मग हे कुठे जात होते? यांच्या सायकलवाल्या ग्रुपमध्ये एक दातांची डॉक्टरीण आहे. तिचा विषय अलीकडे जरा जास्तच निघत होता.

पुढच्या रविवारी यांच्या मागोमाग मी डोंगराकडे जाणारी बस पकडली. डोंगराच्या पायथ्याशी भाड्यानं सायकली देणारं दुकान आहे. बाबांची सायकल तिथे आत उभी होती, वर चादर टाकलेली.

"पोलादराव ना? येतीलच," दुकानदार म्हणाला. "दर रविवारी आमची गिअरवाली नेतात. तीच लागते त्यांना."

डॉक्टरीण परवडली असती. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

थोड्या वेळानं हे आले. जाड टायर, पुढे-मागे स्प्रिंगा, दगडांवरून उड्या मारत, लहान मुलासारखे हसत. मला पाहिलं आणि हसू मावळलं.

"बाबांच्या सायकलची लाज वाटते का?" मी सगळ्यांदेखत विचारलं. "घरी पोलादाचे गोडवे आणि बाहेर हे थेर?"

यांनी हेल्मेट काढलं. मला आत नेलं, चादर बाजूला केली आणि हँडलखालच्या जोडावर बोट ठेवलं.

"हा जोड कच्चा राहिलाय. बाबांनीच सांगितलं होतं मला. म्हणाले, जावईबापू, सडकेवर हवं तितकं फिरा, पण दगडाधोंड्यांत नेऊ नका. आणि तिला कळू देऊ नका."

मी बोट फिरवलं. जाड रंगाखाली खळगा लागला. तेवढ्या जागी पितळ भरलंच नव्हतं. बाबांनी असं काम दुसऱ्या कुणाकडून चालवून घेतलं नसतं. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि रडू आलं.

"फार थरथरत होता का हात त्यांचा?"

"हो," हे म्हणाले. "मी धरून ठेवला होता, तरी."